चौथ्या प्रकरणातली चूक

आमच्याकडे डॉक्टरेटचा प्रबंध जाहीर चर्चेच्या दहा दिवस आधी विद्यापीठाच्या दालनात खऱ्याखुऱ्या हातोडीनं खिळ्याला ठोकून टांगतात. कोणीही यावं, वाचावं आणि खोट काढावी, असा त्यामागचा थोर विचार. येत कोणी नाही. मीही काही खोट काढायला गेले नव्हते. दंतवैद्याकडे जायला अर्धा तास होता, बाहेर ओला बर्फ पडत होता आणि दालनात हीटर होता.

पिल्वी नेवालाचा प्रबंध होता तो. आमच्या वेधशाळेतली मुलगी, हुशार, जुन्या काचांवर काम करणारी. मी निवृत्त झाले तेव्हा तिनं मला लोकरीचे हातमोजे दिले होते, म्हणून मी कौतुकानं पानं उलटली. एकसष्टाव्या पानावर एका वहीच्या पानाचा फोटो होता. नऊच्या आकड्यांची शेपटं उजवीकडे वळलेली. त्या शेपटांपायी शाळेत माझ्या बोटांवर पट्टी बसली होती, तरी ती सरळ झाली नाहीत. फोटोखाली छापलं होतं, ‘प्रा. ग्योस्ता विकांडर यांची मोजणीवही, १९७९’.

मला राग आला असं म्हणता येणार नाही. राग स्वच्छ असतो. मला शिसारी आली, तोंडात काहीतरी आंबूस आल्यासारखी, आणि मी तशीच दंतवैद्याकडे जाऊन तोंड उघडून बसले.

लोकांना वाटतं खगोलशास्त्रज्ञ रात्रभर जागून आकाश बघतात. मी सदतीस वर्षं भर दिवसा तळघरात बसून काचा बघितल्या. दुर्बिणीनं आकाशाचा फोटो घ्यायचा तो काचेवर, आणि मग ती काच मोजणीयंत्राखाली ठेवून नेत्रभिंगातून एकेका ठिपक्यावर फुलीची तार आणायची आणि आकडा लिहायचा. १९७४ साली मी तिथं लागले ती दीर्घिकांवर प्रबंध लिहायला. दूरच्या दीर्घिकांचा एक पुंजका होता, त्यातल्या नऊशे दीर्घिकांच्या जागा आणि आकार मोजायचे होते. विकांडर तेव्हा नवा व्याख्याता, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, सुंदर हात, आमच्याकडच्या खानदानी घरांत बोलतात तसं सुंदर स्वीडिश, किनाऱ्यावर बापाचं उन्हाळी घर. तो म्हणाला, इर्मेली, तू मोज, आपण मिळून छापू. मी दोन वर्षं मोजलं. १९७७ साली छापलं गेलं ते ‘विकांडर यांचा दीर्घिका-तक्ता’ म्हणून. माझं नाव शेवटच्या ओळीत होतं, यंत्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या आधी आणि आभाराच्या पूर्णविरामाच्या अगदी जवळ. त्या तक्त्यावर तो प्राध्यापक झाला. माझा प्रबंध ‘पुढच्या वर्षी’ होणार होता. पुढच्या वर्षी माझ्या हातात आणखी काचा आल्या.

मी तेव्हा का बोलले नाही, असं विचारणारी माणसं मला आवडत नाहीत. अठ्ठावीस वर्षांची होते, भाड्याच्या खोलीत राहत होते, आणि दीर्घिका मला मनापासून आवडायच्या. तोंडात मिठाची गुळणी धरली तर त्या मला बघायला मिळत होत्या. हे खरं कारण आहे आणि ते फारसं शोभणारं नाही.

त्या काचांवर दीर्घिका आणि ताऱ्यांशिवाय आणखी एक गोष्ट असायची. लघुग्रह. तारा काचेवर ठिपका होऊन बसतो, पण लघुग्रह आपल्या जवळचा, तो तासाभरात सरकतो आणि त्याची बारीकशी रेघ उमटते. आमच्या लोकांना त्या रेघांचा भारी तिटकारा. इतकी सुंदर दीर्घिका आणि तिच्यावरून ओढलेला हा ओरखडा. विकांडर त्यांना ‘ढेकूण’ म्हणायचा. मीही म्हणायचे. तरीपण जेवणाच्या सुट्टीत, राईच्या पावावर चीज ठेवून खाता खाता, मी त्या ढेकणांच्या जागा मोजू लागले. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. कोणाला नको होत्या म्हणून असेल. नऊ वर्षांत अकरा वह्या भरल्या. एकदा विकांडरला म्हटलं की यातल्या बऱ्याच रेघा कुठल्याच यादीत नाहीत, कळवूया का. तो म्हणाला, वेधशाळेचं पोस्टाचं तिकीट ढेकणांवर खर्च करायचं नाही. मी वह्या कपाटात ठेवल्या. एकीवरही नाव घातलं नाही, कारण मला त्यांची लाज वाटायची.

आणि मग जग फिरलं. पृथ्वीवर येऊन आदळू शकणाऱ्या दगडांची भीती लोकांना बसली, त्यासाठी युरोपभर प्रकल्प निघाले, आणि जुन्या काचांवरच्या रेघांना भाव आला. लघुग्रह तीस वर्षांपूर्वी कुठे होता हे कळलं की तो पुढच्या शंभर वर्षांत कुठे जाईल हे फार नेमकं सांगता येतं. पिल्वीच्या प्रबंधात तेच होतं. माझ्या वह्यांतून तिनं असे सेहेचाळीस लघुग्रह काढले होते की ज्यांचा रीतसर शोध पुढं वीस-पंचवीस वर्षांनी कोणी कोणी लावला. ढेकूण म्हणणारा माणूस आता वर्तमानपत्रात लघुग्रहांबद्दल हळव्या आवाजात बोलत होता.

दाढ भरून परत आले आणि तो प्रबंध ग्रंथालयातून घरी आणला. चौथं प्रकरण वाचलं तेव्हा मात्र मी खुर्चीतून उठले. त्या प्रकरणाचं नाव होतं, ‘विकांडर यांची वैयक्तिक त्रुटी’.

काच मोजणाऱ्या प्रत्येकाची एक खोड असते. कोणी तार ठिपक्याच्या जरा वर ठेवतो, कोणी जरा खाली. ती खोड निघून जावी म्हणून काच एकदा सरळ मोजायची आणि एकदा उलटी फिरवून मोजायची, की दोन्हींच्या सरासरीत ती आपोआप मरते. हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. पण विकांडरला नेहमी घाई, तो म्हणायचा एकदाच मोज, पुरे. आणि ढेकणांना तर मी सुट्टीतली पंधरा मिनिटं देत होते. माझी मान लहानपणी घसरगाडीवरून पडल्यापासून जराशी कलती आहे. मी तार नेहमी डावीकडे ठेवायचे, केसाच्या जाडीचा जेमतेम आठवा भाग, पण दर वेळी तेवढाच. पिल्वीनं ती खोड शोधून काढली होती, बावीस पानांत मोजली होती आणि वजा केली होती. फार सुरेख काम. प्रबंधात पुढे, अठ्ठ्याऐंशीव्या पानावर, लिहिलं होतं की विकांडर यांच्या १९७७च्या दीर्घिका-तक्त्यातही विकांडर यांची त्रुटी अगदी याच मापात आढळते, त्यामुळे दोन्ही मोजण्या एकाच व्यक्तीच्या असल्याची खात्री पटते.

माझं काम त्यानं घेतलं होतं. ते मी गिळलं होतं. आता माझ्या वाकड्या मानेची चूकसुद्धा त्याच्या नावावर छापून आली होती.

जाहीर चर्चेत कोणी हरकत घेतली नाही तर हे सगळं असंच कायमचं नोंदलं जाणार होतं. मी पिल्वीकडे गेले. वेधशाळेतल्या तिच्या खोलीत खोकी भरलेली होती. तिनं कॉफी ओतली आणि मी काही बोलायच्या आत तिचा चेहरा पडला, त्यावरून मला कळलं की हिला ठाऊक आहे.

तिनं लपवलं नाही. काचांच्या कपाटांवरच्या चिठ्ठ्या माझ्या हातच्या आहेत, त्यावरून वर्षापूर्वीच तिनं अक्षर ओळखलं होतं. विकांडरला विचारलं तेव्हा तो हसून म्हणाला होता, मी यंत्रातून बघून आकडे सांगायचो आणि इर्मेली लिहून घ्यायची.

“आणि ते तुला खरं वाटलं?” मी विचारलं.

“मला ते खरं वाटायला हवं होतं,” ती म्हणाली. “जूनपासून हॉलंडमध्ये तीन वर्षांची जागा आहे. प्राध्यापकांच्या शिफारसपत्रावर मिळालीय. त्यांनी पत्र मागे घेतलं तर मी कुठं जाऊ, इर्मेली? घरी परत जाऊन गाई राखू?”

मी तिला म्हटलं की गाई राखण्यात काही वाईट नाही, गाई निदान एकमेकींचं दूध आपलं म्हणून विकत नाहीत. ती रडायला लागली. मला तिची कीव यायला हवी होती, पण आली शिसारी. नाकातून पाणी, हातात कप, आणि तोंडानं ‘तुम्हीसुद्धा कधी काही म्हणाला नाहीत’. ते शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून तर ते मला जास्त झोंबलं. कॉफी तशीच ठेवून मी निघाले.

मे महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी चर्चा झाली. विकांडर सभेचा अध्यक्ष, काळ्या शेपटीच्या कोटात, समोर टेबलावर डॉक्टरांची उंच काळी टोपी ठेवून. निवृत्तीआधीचा त्याचा शेवटचा समारंभ, त्यामुळे दालन भरलेलं. प्रतिपक्षी, म्हणजे प्रबंधाला जाहीर प्रश्न विचारणाऱ्या बाहेरच्या परीक्षक, म्हणून जर्मनीहून रोस्वीथा थीसेन आल्या होत्या, साठीच्या, तळटीपासुद्धा वाचणाऱ्या, पेन्सिलीनं खुणा केलेला प्रबंध पुढ्यात घेऊन. दोन तास त्यांनी पिल्वीला खोदून खोदून विचारलं, आणि पिल्वीनं उत्तरं छान दिली. पुढच्या रांगेत तिची आई आणि बाप बसले होते, दोघंही नव्या कपड्यांत अवघडलेले, एक अक्षर कळत नसताना मान डोलावणारे.

शेवटी पिल्वी सभेकडे वळली आणि नेमानं म्हणायचं ते वाक्य म्हणाली, की उपस्थितांपैकी ज्या कोणाला या प्रबंधावर आक्षेप असेल त्यांनी अध्यक्षांकडे बोलायची परवानगी मागावी. हे वाक्य सुरू झालं की लोक कोटाची बटणं लावायला लागतात. बाहेर कॉफी आणि वेलदोड्याचा पाव मांडलेला असतो. चाळीसेक चर्चा मी ऐकल्या असतील, एकदाही हात वर झालेला पाहिला नाही.

मी हात वर केला.

विकांडर प्रसन्न हसला. त्याला वाटलं म्हातारी अभिनंदन करणार. “श्रीमती रासिला, आमच्या जुन्या साहाय्यक,” तो सभेला म्हणाला, “बोला, इर्मेली, बोला.”

मी पिल्वीला विचारलं, चौथ्या प्रकरणातली ही डावीकडची चूक यंत्राची की माणसाची. माणसाची, ती म्हणाली. एका माणसाची आयुष्यभर तीच राहते का. साधारण तीच राहते, ती म्हणाली, डोळ्याची आणि मानेची सवय असते ती. तिचा आवाज बारीक होत चालला होता.

“एक जण यंत्रातून बघतो आणि दुसरा लिहून घेतो,” मी म्हणाले. “तर मग वहीत चूक कोणाची उतरते?”

“जो बघतो त्याची.”

“आणि बघत कोण होतं?”

पिल्वीनं पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. मग ती विकांडरकडे बघून म्हणाली, “प्रबंधात लिहिलंय तसंच आहे.”

आता सांगायला हरकत नाही, त्या क्षणी मला त्या दालनातल्या सगळ्यांचाच वीट आला. त्या मुलीचा, त्या टोपीचा, पावाच्या वासाकडे नाकं वळवून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांचा. त्यांतल्या निम्म्यांनी मला पंचवीस वर्षं त्या यंत्रावर वाकलेलं पाहिलं होतं, आणि ते मूग गिळून आपल्या बुटांकडे बघत होते. विकांडर घड्याळ बघून म्हणाला, आठवणींचा विषय आहे, तो कॉफीवर बोलू.

थीसेनबाईंनी पेन्सिल वर केली. “ते यंत्र अजून आहे का?” त्यांनी विचारलं. विकांडर म्हणाला की आहे, पण केव्हाच बंद पडलंय.

“चालतं,” पिल्वी म्हणाली. “मागच्या महिन्यात मी दिवा बदललाय.”

थीसेनबाई म्हणाल्या, मग ठीक आहे, अभिप्राय मी यंत्र पाहून लिहीन.

तळघरात आम्ही चौघंच गेलो. थीसेनबाईंनी साधी अट घातली. एकच काच, तेच दहा तारे, दोघांनी मोजायचे, उलटी न फिरवता. विकांडर हसत हसत बसला. कोटाची शेपटं खुर्चीच्या मागे टाकली, भिंगाशी डोळा नेला आणि म्हणाला की काही दिसत नाही. दिवा लावला नव्हता. त्याचा हात टेबलाच्या उजव्या कडेवर बटण शोधत फिरला. मग वर, यंत्राच्या कपाळावर. मग पुन्हा उजवीकडे. बटण डाव्या पायाजवळ, खाली आहे, आणि ते पायानं दाबायचं असतं. हे त्या यंत्रावर एक दिवस बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

थीसेनबाई बघत होत्या. पिल्वी बघत होती. आणि माझा पाय, माझा स्वतःचा नालायक पाय, मला न विचारता पुढं सरकला आणि त्यानं ते बटण दाबलं. सदतीस वर्षांची सवय होती, तो कधी मिनिटभर डोकवायला बसला की मी दिवा लावायचा. तो ‘आभारी आहे’ म्हणाला, तेही सवयीनं.

त्यानं दहा तारे मोजले त्याला चाळीस मिनिटं लागली. मला सात. थीसेनबाईंनी कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर आकडे मांडले. त्याचे आकडे चारी दिशांना उधळलेले होते, त्यांतले दोन तर दुसऱ्याच ताऱ्यांचे. माझे दहाच्या दहा डावीकडे, प्रबंधात लिहिलंय तेवढेच. आयुष्यात एकदा मला माझ्या मानेचा अभिमान वाटला.

विकांडरनं मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचं काढलं. थीसेनबाई सौम्यपणे म्हणाल्या, हो, वयानं होतं तसं. मग पिल्वीकडे वळून म्हणाल्या की प्रबंध उत्तम आहे, मोजणी कोणाचीही असो, हिशेब बरोबर आहे, पण चौथ्या प्रकरणातलं वह्यांचं आणि त्रुटीचं नाव दुरुस्त करून शुद्धिपत्र जोडावं. पिल्वीनं मान हलवली. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं, आणि तेही मला बघवेना.

“आणि सत्त्याहत्तरचा तक्ता?” मी विचारलं. “अठ्ठ्याऐंशीवं पान. तीच चूक, एकच व्यक्ती. तो कोणाचा?”

थीसेनबाईंनी पेन्सिल पिशवीत ठेवली. “माझा स्वतःचा प्रबंध त्या तक्त्यावर आहे,” त्या म्हणाल्या. “आज माझ्यासमोर फक्त लघुग्रह आहेत.”

त्या वाईट बाई नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगते. त्यांनी नजर चुकवली नाही, सरळ माझ्याकडे बघून सांगितलं, आणि मग जिना चढून गेल्या. मला वाटतं विकांडरची शिसारी परवडली. त्याच्याकडून निदान मला कसली आशा नव्हती.

आमच्या रीतीप्रमाणे चर्चेच्या संध्याकाळी नवा डॉक्टर प्रतिपक्ष्याच्या मानार्थ मेजवानी देतो, तिला आम्ही कारोंक्का म्हणतो. सभेतून ज्यानं आक्षेप घेतला त्यालाही बोलवावंच लागतं. म्हणजे आदल्या दिवशीपर्यंत जिला कोणी बोलावलं नव्हतं त्या मला पिल्वीनं जिन्यावर गाठून, खाली मान घालून, सहा वाजता या असं सांगितलं. मी गेले. भूक लागली होती, आणि विकांडरचं तोंड किती उतरलंय ते मला बघायचं होतं.

ते अजिबात उतरलेलं नव्हतं. तो पिल्वीच्या बापाला मासेमारीबद्दल विचारत होता, आईच्या ग्लासात स्वतः वाईन ओतत होता. जेवण झाल्यावर पिल्वीनं उभं राहून एकेकाचे आभार मानले, आधी थीसेनबाई, मग विकांडर, मग बाकीचे, आणि शेवटी ‘नेमक्या प्रश्नाबद्दल’ मी. ज्याचे आभार मानले त्यानं त्याच क्रमानं उठून उत्तराचं भाषण करायचं, ही सुद्धा रीत. विकांडर उठला. तो म्हणाला की विज्ञानात माणसाच्या नावानं नियम असतात, धूमकेतू असतात, पण स्वतःच्या नावाची चूक असणं हा मान फार थोड्यांना मिळतो. ग्लास वर करून तो म्हणाला, “रासिला-त्रुटीला!”

सगळे हसले. अठरा माणसं. हसण्यात चांगुलपणा होता, कोणाच्या मनात वाकडं नव्हतं. मीही हसले, आणि माझा ग्लास वर गेला.

माझी पाळी शेवटची. वाक्य तयार होतं, दुपारपासून तोंडात घोळत होतं, ‘१९७७चा तक्ता माझा आहे’. पाच शब्दही नाहीत. मी उठले. समोर पिल्वीची आई बसली होती. तिला काहीच कळलं नव्हतं, एवढं मात्र कळलं होतं की या म्हातारीनं सकाळी उठून काहीतरी विचारलं आणि लेकीचं तोंड पांढरं पडलं. ती माझ्याकडे अशी बघत होती की मी आता तिच्या मुलीच्या हातातलं काहीतरी हिसकावून घेणार आहे. विकांडर खुर्चीत रेलून, मान कलती करून, माझी वाट बघत होता. त्याला खात्री होती. छत्तीस वर्षांची त्याची खात्री होती ती.

मी म्हणाले, “पिल्वी, अभिनंदन. काम चांगलं झालंय.” आणि बसले.

घरी जाऊन तो सॅमन आणि ती वाईन सगळी ओकून टाकली. शिळं वगैरे काही नव्हतं.

जूनच्या अखेरीस पोस्टानं एक जाड पाकीट आलं. हॉलंडचं तिकीट. आत प्रबंधाची प्रत आणि पहिल्या पानात घातलेली एक पातळ चिठ्ठी, शुद्धिपत्र. पत्र नाही, सही नाही. मी जिन्यातच उभी राहून वाचलं. ‘वह्यांचा उल्लेख येईल तिथे, तसेच पृष्ठ ५९ ते ९० वर “विकांडर यांची त्रुटी” असे असेल तिथे सर्वत्र, “विकांडर”ऐवजी “रासिला” असे वाचावे.’ बस्स, एवढंच. माझ्या नावावर सेहेचाळीस ढेकूण आणि एक चूक जमा झाली होती.

मग लक्षात आलं, नव्वद. थीसेनबाईंनी सांगितलेलं चौथं प्रकरण तर एक्क्याऐंशीव्या पानावर संपतं. मी चष्मा शोधला, अठ्ठ्याऐंशीवं पान काढलं आणि चिठ्ठीत सांगितल्याप्रमाणे वाचलं. ‘विकांडर यांच्या १९७७च्या दीर्घिका-तक्त्यातही रासिला यांची त्रुटी अगदी याच मापात आढळते, त्यामुळे दोन्ही मोजण्या एकाच व्यक्तीच्या असल्याची खात्री पटते.’

तिनं कुठंही आरोप केला नव्हता. फक्त दोन आकडे बदलले होते, ८१चे ९० केले होते. विकांडरनं ते शुद्धिपत्र सही करून मंजूर केलं असणार आणि पानं मोजायचे कष्ट घेतले नसणार, कारण त्यानं जन्मात स्वतः काही मोजलं नाही. जगात हा प्रबंध पूर्ण वाचणारी माणसं वीस निघतील, आणि शुद्धिपत्र हातात धरून अठ्ठ्याऐंशीव्या पानावर जाणारं त्यांत एखादं. दीर्घिका-तक्ता उद्याही विकांडरच्याच नावानं ओळखला जाईल, त्याच्या निरोपाच्या तैलचित्राखालीही तेच लिहिलंय.

तरी मी ते वाक्य चार वेळा वाचलं, दोनदा मोठ्यानं. सदतीस वर्षांच्या कामाच्या बदल्यात एका चिठ्ठीच्या आडून मिळालेलं एक वाक्य, तेही माझ्या चुकीबद्दलचं, आणि मला इतका आनंद झाला की मी पायरीवरच बसले. शेजारीण खाली उतरताना थांबली, काही चांगली बातमी का, म्हणाली. मी हो म्हणाले. विकांडरची मला आयुष्यभर किळस आली, पण त्या ‘हो’ची आली तेवढी कधी आली नव्हती.